दिवस मोडून मिळणारा हक्क

१९३२ च्या अखेरीस विनोबा वर्ध्याचा आश्रम सोडून नालवाडीला राहायला आले. तेव्हा हे गाव म्हणजे शहराबाहेरची, बहुतांशी दलित कुटुंबांची वस्ती होती. इथे गोपाळराव वाळुंजकरांचे चर्मालय चालले, ग्रामसेवेची कामे चालली. पण विनोबांनी इथे केलेला एक प्रयोग या पुस्तिकेच्या विषयाला थेट भिडतो. सूत कातणाऱ्याला त्या काळी जी मजुरी मिळत असे, तेवढ्यातच स्वतः जगून बघायचे, असे त्यांनी ठरवले. दिवसभर कातायचे आणि त्या कमाईत बसेल तेवढेच खायचे. त्या मजुरीत माणसाचे पोट भरत नाही, हे कातणाऱ्या घरांना आधीपासून ठाऊक होते. विनोबांनी ते स्वतःच्या शरीरावर अनुभवले, एवढेच. १९३५ मध्ये गांधीजींच्या आग्रहामुळे चरखा संघाने कातणाऱ्यांची मजुरी वाढवायचे ठरवले, त्यामागे हाच विचार होता. १९३८ मध्ये प्रकृती पार खालावल्यावर विनोबा नालवाडीहून पवनारला गेले.

दिवसभर राबूनही घर चालत नसेल, तर कमी पडते ते कोणी भरून द्यायचे, हा प्रश्न नालवाडीत तेव्हापासून आहे. मजुरी वाढवा, हे त्याचे पहिले उत्तर आणि माझ्या मते तेच खरे. दुसरे उत्तर सरकारी योजनांचे: धान्य, शिष्यवृत्ती, बाळंतपणाची मदत, उपचाराचा खर्च, विधवेला महिन्याची रक्कम. पहिले उत्तर मिळेपर्यंत दुसऱ्यावर घरे तगतात, म्हणून ते हलके मानता येत नाही. ही पुस्तिका त्या दुसऱ्या उत्तराविषयी आहे. अधिक नेमके सांगायचे तर कागदावर मंजूर झालेली मदत आणि घरात पोचलेली मदत यांत जे अंतर आहे, त्याविषयी.

या अंतराचे कारण विचारले की बहुतेकजण ‘जनजागृती’ कमी पडते असे सांगतात. लोकांना माहिती नसते, म्हणून शिबिरे घ्या, पत्रके वाटा. मला हे पटत नाही. नालवाडीत धुणीभांडी करणाऱ्या बाईला कोणत्या योजनेचे पैसे कधी पडतात, कोणाचे अडकले, कोणाचे खाते ‘डीबीटी’ला जोडलेले नाही, हे सगळे माहीत असते. तिच्याकडे नसतो तो मोकळा दिवस. कार्यालये उघडी असतात नेमकी तिच्या कामाच्या वेळात. एका दाखल्यासाठी सेतू केंद्रात जायचे म्हणजे दोन घरचे काम चुकवायचे, त्याबद्दल बोलणी खायची किंवा खाड्याचे पैसे कापून घ्यायचे. सेंट्रिंगच्या मजुराने दिवस मोडला की त्या दिवसाची मजुरी गेलीच, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या जागेवर दुसरा माणूस उभा असतो. वर रिक्षाचे भाडे, झेरॉक्स, फोटो आणि अर्ज भरून देणाऱ्याचे पैसे. बेकार माणसाकडे निदान वेळ असतो. कमी मजुरीत राबणाऱ्या कुटुंबाकडे पैसाही नसतो आणि वेळही नसतो. म्हणून मदत पोचण्यात सगळ्यात मागे राहते ते हेच कुटुंब.

नालवाडीची अडचण याहून थोडी वेगळी आहे. कारभार ग्रामपंचायतीचा आणि जगणे शहराचे. वर्ध्याला लागून असलेल्या या गावातले असंख्य हात शहरात कामाला जातात: बांधकामावर, दुकानांत, लोकांच्या घरी, दवाखान्यांच्या साफसफाईला. भाडेकरू भरपूर, शेतीचा तुकडा नसलेली घरे भरपूर. आता अन्नसुरक्षा कायद्याचे नियम बघा. हा कायदा २०१३ चा, महाराष्ट्रात तो १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. प्राधान्य कुटुंबासाठी तेव्हा ठरलेली वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४,००० रुपये आणि शहरात ५९,००० रुपये. म्हणजे त्याच ठेकेदाराकडे काम करणारे, त्याच किराणा दुकानातून सामान आणणारे, तेवढेच भाडे भरणारे दोन सख्खे भाऊ असले, थोरला नगरपालिकेच्या हद्दीत आणि धाकटा नालवाडीत, तर धाकट्याला थोरल्यापेक्षा १५,००० रुपयांनी अधिक गरीब असावे लागते. ४४,००० म्हणजे महिन्याला साधारण ३,६६७ रुपये. नवराबायको दोघेही कामाला जात असतील, तर खरे उत्पन्न सांगून या मर्यादेत बसणे अशक्य आहे. शेतकऱ्यांसाठी एक वेगळी वाट होती. वर्ध्यासह १४ जिल्ह्यांतल्या केशरी कार्डाच्या शेतकरी कुटुंबांना २०१५ पासून सवलतीत धान्य मिळू लागले आणि २०२३ पासून त्याऐवजी माणशी रोख रक्कम. पण त्यासाठी सातबारा हवा. नालवाडीतल्या मजुराकडे तो नसतो.

शिधापत्रिका हा सगळ्या योजनांचा उंबरठा असल्यामुळे पुस्तिकेत तिला पहिले आणि सगळ्यात मोठे प्रकरण दिले आहे. कार्ड पिवळे की केशरी, त्यावर कोणाकोणाची नावे आहेत, ते ऑनलाइन चढले आहे का, बारा अंकी क्रमांक मिळाला आहे का, या चार गोष्टींवर पुढचे जवळपास सगळे ठरते. १ एप्रिल २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलीसाठी ‘लेक लाडकी’ योजनेतून टप्प्याटप्प्याने १,०१,००० रुपये मिळायचे, तर तिच्या घरचे कार्ड पिवळे किंवा केशरी असावे लागते. म्हणून कार्डाच्या बाबतीत घडणारी एक गोष्ट इथे सविस्तर सांगतो. ती अनेक घरांची आहे.

देवळी तालुक्यातली मुलगी लग्न होऊन नालवाडीत येते. माहेरच्या कार्डावर तिचे नाव असते आणि तिच्या वाट्याचे महिन्याचे पाच किलो धान्य तिथे मिळत असते. सासरच्या कार्डावर नाव चढवायचे तर आधी माहेरचे नाव कमी करून तसा दाखला आणावा लागतो. वडील एक दिवस मोडून तहसीलला जातात आणि नाव कमी करून घेतात. हे काम लवकर होते, कारण त्यात सरकारचे धान्य वाचते. मग सासरी अर्ज केला जातो. कार्डावर नाव लिहिले जाते, पण धान्य मिळत नाही, कारण ‘इष्टांक’ भरलेला असतो. राज्यात या कायद्याखाली किती माणसांना धान्य द्यायचे, त्याचा आकडा ठरलेला आहे: ७ कोटी १६ हजार. ग्रामीण लोकसंख्येच्या ७६.३२ टक्के, शहरी लोकसंख्येच्या ४५.३४ टक्के, आणि मोजणी २०११ च्या जनगणनेवरून. लोकसंख्या वाढली, पण आकडा जागचा हलला नाही. कोणी वारले, कोणाचे नाव कटले, तरच नव्याला जागा. तोवर या सुनेचे धान्य माहेरीही नाही आणि सासरीही नाही. वर्षभराने मूल होते, त्याचेही नाव रांगेत लागते. बाळंतपणात ज्या बाईला सगळ्यात जास्त पोषण हवे, तिचाच वाटा नेमका त्या काळात बंद असतो. यात कोणा कारकुनाने लाच मागितलेली नाही, कोणी उद्धटपणे वागलेले नाही. प्रत्येकाने आपल्यापुढचा नियम पाळला आहे. मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते ते हेच, कारण यात तक्रार करायला माणूसच सापडत नाही.

नाव चढले तरी अंगठा राहतोच. विटा उचलून, सिमेंट कालवून, सोड्याने भांडी घासून बोटांच्या रेषा झिजतात. रास्त भाव दुकानातल्या यंत्रावर बाई पदराला बोट पुसते, पुन्हा टेकवते, पुन्हा पुसते. ‘‘उमटत नाही जी भाऊ, आता काय करू?’’ दुकानदार कधी घरातल्या दुसऱ्याला आणायला सांगतो, कधी मोबाइलवर येणाऱ्या आकड्याने भागवतो, कधी दुसऱ्या दिवशी बोलावतो. वर्षानुवर्षे काम केल्याची खूण म्हणजे झिजलेले बोट, आणि ओळख पटवताना नेमके तेच आडवे येते.

बांधकाम मजुरांची योजना रकमांच्या दृष्टीने सगळ्यात भरघोस. १९९६ च्या केंद्रीय कायद्यानुसार बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घेतला जातो, आणि त्यातून महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ मदत देते: पहिली ते सातवीच्या मुलाला वर्षाला २,५०० रुपये, आठवी ते दहावीला ५,०००, नैसर्गिक बाळंतपणाला १५,०००, शस्त्रक्रिया झाली तर २०,०००, मजुराच्या स्वतःच्या पहिल्या लग्नासाठी ३०,०००. पैसा नाही असे इथे म्हणता येत नाही. उपकराचे पैसे राज्याराज्यांत पडून राहतात, मजुरांपर्यंत जात नाहीत, यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कडक ताशेरे ओढले होते. अडते ते एका कागदावर. मागच्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचे प्रमाणपत्र हवे, त्यावर मालकाचे किंवा ठेकेदाराचे नाव, सही, शिक्का, जावक क्रमांक हवा. नाहीतर ग्रामसेवकाची किंवा नगरपालिकेची सही. आता ठिय्यावर उभा राहणारा मजूर एका आठवड्यात तीन ठिकाणी काम करतो. घरमालकाकडे शिक्का नसतो. ठेकेदाराला सही करणे म्हणजे उपकराच्या, मजुरीच्या चौकशीला तोंड देणे वाटते. ग्रामसेवकाने या माणसाला काम करताना पाहिलेले नसते, म्हणून तोही कचरतो. मग दलाल पुढे येतो. त्याच्याकडे सही, शिक्का, सगळे तयार असते. त्यामुळे कधी वीट न उचललेल्याला भांड्यांचा संच मिळतो आणि पंधरा वर्षे गवंड्याच्या हाताखाली राबलेला माणूस बाहेर राहतो. खोट्यांना रोखण्यासाठी पुराव्याची अट कडक करत नेली, की ती अट विकत घेऊ शकणारे आत येतात आणि खरे बाहेर पडतात. सरकारी तपासण्यांचा भर दरवेळी पहिल्या गटावरच असतो. बाहेर राहिलेल्यांना कोणी मोजतही नाही, कारण त्यांचा अर्जच कुठे नसतो.

घरकामगार बायकांसाठीही २००८ मध्ये कायदा होऊन कल्याण मंडळ झाले. २०२१ च्या टाळेबंदीत नोंदणी असलेल्या घरकामगारांना १,५०० रुपये जाहीर झाले, तेव्हा नोंदणीची किंमत अनेकींना पहिल्यांदा कळली. नोंदणीसाठी मालकिणीचे पत्र लागते. पाच घरी काम करणारीने ते कोणाकडे मागायचे?

उत्पन्नाच्या मर्यादांबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण एरवी त्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासूनची. विधवा, परित्यक्ता, दिव्यांग यांना तिचा आधार. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असावे, नाहीतर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे, ही विधवांसाठीची अट. गावातली ती यादी २००२ च्या पाहणीची; त्यानंतर ज्यांचे संसार उभे राहिले आणि मोडले, त्यांची नावे त्यात कुठून असणार? राहिले २१,००० रुपये. म्हणजे दिवसाला ५७ रुपये. याच राज्याने १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला, पुढे तो देशभर गेला. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात त्या कामाची मजुरी ठरली दिवसाला ३१२ रुपये. एखाद्या विधवेने त्या वर्षी सरकारनेच हमी दिलेले १०० दिवस काम केले, तर तिला ३१,२०० रुपये मिळत होते, आणि सरकारच्याच दुसऱ्या नियमाने ती निराधार राहत नव्हती. ६८ व्या दिवशीच ती मर्यादा ओलांडत होती. याचा अर्थ इतकाच, की काम करणाऱ्या विधवेने एकतर काम लपवावे, नाहीतर मदत सोडावी. उत्पन्नाचा दाखला घेताना तिला जे आकडे सांगावे लागतात, त्याचा दोष मी तिला देणार नाही.

तिच्या शेजारच्या घरात दुसरी रक्कम येते. निराधार योजनेसारखी तीही १,५०० रुपयांचीच. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचा शासन निर्णय २८ जून २०२४ चा. तिची उत्पन्नमर्यादा २,५०,००० रुपये. एकाच राज्याची सारखीच रक्कम देणारी दोन खाती, आणि मर्यादेत जवळपास बारा पटींचा फरक. पण मला या योजनेकडे वेगळ्या कारणाने बघायचे आहे. सरकारने मनावर घेतले तर मदत घरात किती लवकर पोचू शकते, याचा पुरावा या योजनेने दिला. पिवळे किंवा केशरी कार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला माफ केला. अधिवास प्रमाणपत्राच्या जागी जुने रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला, काहीही चालेल असे सांगितले. पाच एकरांची अट काढली. वय ६० वरून ६५ केले. अंगणवाडी सेविकेला प्रत्येक अर्जामागे ५० रुपये देऊ केले, त्यामुळे ती दारोदार गेली. ऑगस्टच्या मध्यात, राखीपौर्णिमेच्या आधी, पहिले ३,००० रुपये खात्यांवर पडायला लागले, आणि काही महिन्यांत ही संख्या दोन कोटींच्या वर गेली. तेव्हा निवडणूक जवळ होती, हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्यामुळे यातला धडा खोटा ठरत नाही. तीच बाई, तेच मोबाइल, त्याच बँका, तेच कर्मचारी. ‘लोक अडाणी आहेत’ हे कारण दीड महिन्यात कुठे गेले? पुरावा गोळा करण्याचा भार बाईच्या डोक्यावरून उतरवून यंत्रणेने उचलला, एवढाच बदल झाला होता.

२०२५ मध्ये तो भार पुन्हा बायकांच्या डोक्यावर आला. जूनमध्ये सुमारे २६ लाख खात्यांचे पैसे थांबवल्याचे सरकारने सांगितले आणि सप्टेंबरपासून सगळ्यांना ई-केवायसी करायला लावली, त्यात नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचा क्रमांक हवा. अपात्र लोक शिरले होते, त्यांना काढायलाच हवे होते. पण जिचा नवरा तिला सोडून कुठे गेला हेच माहीत नाही, तिने तो क्रमांक कुठून आणायचा, हा विचार नियम करतानाच व्हायला हवा होता.

राबणाऱ्या कुटुंबापर्यंत मदत न पोचणे आपल्याकडेच घडते असेही नाही. ब्रिटनमध्ये १९७१ साली कमी पगारात पूर्णवेळ काम करणाऱ्या, लेकुरवाळ्या कुटुंबांसाठी पूरक उत्पन्नाची योजना आली. जाहिराती झाल्या, पत्रके वाटली, तरी पात्र कुटुंबांपैकी निम्मीच पुढे आली. कधी आठवड्याची कमाई बदलती, कधी अर्ज किचकट, कधी हात पसरायची लाज. पुढे १९८८ मध्ये आणि पुन्हा १९९९ मध्ये तिची नावे आणि रीत बदलावी लागली.

दूर जायची गरजही नाही. नालवाडीहून थोड्या अंतरावर सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आहे. डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भोवतालच्या खेड्यांत आरोग्यविम्याची एक रीत बसवली, ती ज्वारीवर चाललेली. हंगाम आला की वर्गणी ज्वारीच्या रूपात गोळा करायची, ज्याची ऐपत जास्त त्याची वर्गणी जास्त, आणि एकट्यादुकट्याने नव्हे, गावातल्या बहुसंख्य घरांनी मिळून सामील व्हायचे. घरात दाणे असतात तेव्हाच वर्गणी मागितली, आणि गावाने मिळून ठरवले म्हणून गरिबाला वेगळे उभे राहून आपली गरिबी सिद्ध करावी लागली नाही. आज महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे, पांढऱ्या कार्डासह सगळ्यांना आहे. सेवाग्राम आणि सावंगी मेघे ही दोन्ही मोठी रुग्णालये वर्ध्याच्या दारात आहेत. ही योजना इतरांपेक्षा बरी चालते, आणि त्याचे एक कारण उघड आहे: सगळेच पात्र असले की कोणाला पात्रता शाबीत करत बसावे लागत नाही.

शासनाने ९ मार्च २०१५ च्या निर्णयाने बहुतेक कामांसाठी प्रतिज्ञापत्राची सक्ती काढली आणि स्वयंघोषणापत्र पुरेसे केले. त्याच वर्षी लोकसेवा हक्क कायदा झाला. ठरलेल्या मुदतीत दाखला मिळाला नाही, तर वरच्या अधिकाऱ्याकडे दोनदा आणि नंतर आयोगाकडे दाद मागता येते. या दोन्ही गोष्टी नालवाडीतल्या घरांच्या बाजूच्या आहेत, आणि दोन्ही वापरल्या जात नाहीत. अर्ज तोंडी परत पाठवला जातो, त्याची पोच मिळत नाही, आणि पोच नाही तर मुदत कधी सुरू झाली हे ठरत नाही. म्हणून प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी पोच कशी घ्यायची ते दिले आहे.

पुस्तिकेचा क्रम योजनांच्या मोठेपणावरून लावलेला नाही. आधी शिधापत्रिका, मग आधार आणि बँकखाते जोडणे, मग उत्पन्नाचा दाखला, आणि त्यानंतर बांधकाम मंडळ, घरकामगार, निराधार, बाळंतपण, मुलांचे शिक्षण, उपचार. लग्न होऊन आलेल्या सुनेसाठी आणि भाड्याने राहणाऱ्यांसाठी वेगळी प्रकरणे आहेत. लागणारे कागद सांगताना त्यासाठी किती खेपा पडतात आणि कोणत्या खेपेला घरातला दुसरा माणूस गेला तरी चालतो, हेही दिले आहे, कारण दिवस कोणाचा मोडायचा हे घराला आधी ठरवता यावे. रकमा आणि अटी वरचेवर बदलतात. अर्ज करण्याआधी त्या ग्रामपंचायतीत, अंगणवाडीत किंवा ‘आपले सरकार’ केंद्रात एकदा विचारून घ्याव्यात. जमले तर चार घरांनी मिळून एकीला पाठवावे आणि तिच्या खाड्याचे पैसे वाटून घ्यावेत.